परत द्यायच्या गाडीला नवे टायर: एडिसनमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या मावसभावाच्या घरातलं आहे. तो आणि त्याची बायको न्यू जर्सीत एडिसनला राहतात. दोघांच्या परवानगीने लिहिते आहे. त्यांची नावं, गाडीची कंपनी आणि लीज देणाऱ्या संस्थेचं नाव मुद्दाम गाळलं आहे. मी स्वतः मोटारींच्या सुट्या भागांच्या क्षेत्रात नोकरी करते, त्यामुळे गाडीचं काही निघालं की या घरातून मला फोन येतो.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी एक जर्मन सेडान लीजवर घेतली. मुदत ३६ महिने, मैलांची मर्यादा ३०,०००. लीजवर गाडी आपल्या मालकीची होत नाही. मुदतीत तिची जेवढी किंमत घटेल तेवढी आपण हप्त्याने भरतो आणि शेवटी गाडी परत देतो. परत देताना ती ‘वाजवी झिजेच्या’ मर्यादेत असावी लागते, त्याहून जास्त झीज असेल तर तिचे पैसे वेगळे. वाजवी म्हणजे किती, हे करारात छापलेलं असतं. १९७६ च्या कन्झ्युमर लीझिंग अ‍ॅक्टमुळे अमेरिकेत झिजेचे निकष लेखी द्यावे लागतात आणि ते रास्त असावे लागतात. ते पान सही करण्याच्या दिवशी कोणी वाचत नाही. यांनीही वाचलं नव्हतं.

गाडीला कारखान्यातूनच रन-फ्लॅट टायर होते. या टायरची कडेची भिंत इतकी मजबूत असते की आतली हवा पूर्ण गेली तरी ती गाडीचं वजन पेलते. साधारण ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून ८० किलोमीटरपर्यंत जाता येतं, म्हणजे रस्त्याच्या कडेला अडकायची वेळ येत नाही. त्या भरवशावर अशा बहुतेक गाड्यांत स्टेपनी देतच नाहीत. टायर रन-फ्लॅट आहे की नाही हे कडेवरच्या खुणेवरून कळतं, पण प्रत्येक कंपनीची खूण वेगळी असते: ब्रिजस्टोनची आरएफटी, गुडइयरची आरओएफ, कॉन्टिनेन्टलची एसएसआर, मिशेलिनची झेडपी.

आणखी एक तपशील पुढे महत्त्वाचा ठरला. पुढचे आणि मागचे टायर एका मापाचे नव्हते. पुढे २२५/४५ आर १८, मागे २५५/४० आर १८. म्हणजे पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे करून झीज सारखी वाटून घ्यायची सोयच नव्हती.

लीज संपायच्या आदल्या वर्षी फेब्रुवारीत, थंडीने उखडलेल्या २८७ नंबरच्या हायवेवर पुढचं उजवं चाक खड्ड्यात आदळलं आणि टायरची कड फाटली. रन-फ्लॅटने आपलं काम केलं. भाऊ ११ मैल हळूहळू चालवत घरी आला. दुसऱ्या दिवशी तो जवळच्या टायरच्या दुकानात गेला. त्या मापाचा रन-फ्लॅट दुकानात नव्हता, मागवायला दोन दिवस लागणार होते. त्याला ऑफिस होतं, मुलांना शाळेतून आणायचं होतं. १२८ डॉलरला एक साधा टायर बसवून तो बाहेर पडला. ही गोष्ट मला माहीत नव्हती. त्याच्याही लक्षात राहिली नव्हती.

अडचण

लीज नोव्हेंबरच्या अखेरीस संपणार होतं. सप्टेंबरच्या मध्यावर लीज कंपनीने मोफत पूर्वतपासणीसाठी माणूस पाठवला. ही तपासणी ऐच्छिक असते आणि बरेच लोक ती टाळतात: उगाच दोष कशाला दाखवून घ्यायचे? या दोघांनी ती करून घेतली, आणि या संपूर्ण प्रकरणातला पहिला चांगला निर्णय हाच होता. गाडी तेव्हा २६,९०० मैल चालली होती.

अहवालात टायरबद्दल तीन नोंदी होत्या. मागच्या दोन्ही टायरच्या खाचांची खोली ३/३२ इंच, किमान ४/३२ हवी. पुढचा उजवा टायर ‘विजोड, रन-फ्लॅट नाही’. पुढचा डावा ५/३२, मान्य. प्रत्येक टायरला ३६५ डॉलर, म्हणजे तीन टायरचे १,०९५. कर लागला तर तो वेगळा.

रात्री भावाचा फोन आला. चिडला होता.

“ताई, मी स्वतः कॉइन घालून बघितलं होतं. टायर काय गोटा झालेत का? भरपूर नक्षी आहे अजून!”

त्याने पाहिलं होतं हे खरं. अमेरिकेत पंचवीस सेंटचं नाणं उलटं करून टायरच्या खाचेत घालतात. वॉशिंग्टनच्या डोक्याचा वरचा भाग नक्षीत झाकला गेला तर खोली साधारण ४/३२ किंवा जास्त. एक सेंटच्या नाण्यावर लिंकनचं डोकं असतं, त्याने २/३२ कळतं. भावाने नाणं घातलं होतं बाहेरच्या खाचेत, उभ्या उभ्या दिसते त्या.

रविवारी मी खोली मोजायचं साधं गेज घेऊन गेले. मागच्या चाकामागे हात घालून तीन ठिकाणी मोजलं. बाहेरच्या खाचेत ६/३२, मधल्या खाचेत ५/३२ आणि आतल्या खाचेत ३/३२. दुसऱ्या चाकालाही तेच. तपासणी करणाऱ्याने काही चुकीचं लिहिलं नव्हतं. करारातलं वाक्य होतं ‘सर्वांत उथळ जागी किमान ४/३२ इंच’. टायर सर्वांत जास्त झिजलाय तिथे मोजायचा असतो, आणि आपण पाहतो तिथे जिथे तो दिसतो.

आतली कडच का झिजली? अशा गाड्यांची मागची चाकं मुळातच किंचित आत झुकलेली ठेवतात, म्हणजे वळणावर पकड चांगली राहते. त्याची किंमत आतल्या कडेला मोजावी लागते. त्यात हवा कमी असली की कडा अधिक घासतात. आणि रन-फ्लॅटमध्ये हवा कमी झालेली डोळ्यांना कळत नाही. साधा टायर हवा उतरली की खाली पसरतो, आपण लाथ मारून बघतो तसा. रन-फ्लॅटची भिंत ताठ असल्याने तो उभाच दिसतो. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा अमेरिकी नियमाप्रमाणे दाब ठरलेल्यापेक्षा २५ टक्के घटला की लागतो, म्हणजे ३३ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) जागी २६ असेल तरी दिवा गप्प. तापमान दहा अंश फॅरनहाइटने उतरलं की दाब साधारण एक पीएसआयने घटतो. न्यू जर्सीत सप्टेंबरात भरलेली हवा जानेवारीत किती राहत असेल याचा हिशेब करा. ‘तीन वर्षांत हवा कितीदा बघितली?’ असं मी विचारलं. सर्व्हिसिंगला गेली तेव्हा त्यांनी बघितली असेल, असं उत्तर मिळालं.

इथवर विषय पैशाचा होता. मग वहिनी बाहेर आली. तिने गेजवरचा आकडा पाहिला आणि विचारलं, “ताई, या टायरवर मी रोज मुलांना नेते. पावसात हे धरतात का?”

मला त्या प्रश्नाचं वाईट वाटलं, कारण तो मी आधी विचारायला हवा होता. न्यू जर्सीत कायद्याची मर्यादा २/३२ आहे, म्हणजे १.६ मिलिमीटर. त्या हिशेबाने टायर कायदेशीर होते. पण ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर टाकायचं काम खाचा करतात, आणि २.४ मिलिमीटर खोल खाच नव्या टायरच्या जवळजवळ ८ मिलिमीटरच्या तुलनेत फारच थोडं पाणी टाकते. मागची चाकं पाण्यावर तरंगली तर गाडी गिरकी घेते, आणि पुढची चाकं घसरण्यापेक्षा तिला सावरणं अवघड जातं. शिवाय पुढचा तो साधा टायर! स्टेपनी नसलेल्या गाडीत १९ महिने एक चाक असं होतं की ते पंक्चर झालं असतं तर गाडी टर्नपाइकवर (टोलच्या महामार्गावर) जागच्या जागी उभी राहिली असती. रन-फ्लॅटचा सगळा फायदा एका टायरने घालवला होता.

वहिनी म्हणाली, “पैशाचं नंतर बघा. मागची चाकं आधी बदला.”

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, काहीच न करता गाडी परत द्यायची आणि १,०९५ डॉलर भरायचे. भावाला सुरुवातीला हाच सोपा वाटत होता. धावपळ नाही, दुकानं शोधणं नाही. पण परत द्यायला अजून दहा आठवडे होते आणि ते दहा आठवडे याच टायरवर गेले असते. वहिनीच्या प्रश्नानंतर हा पर्याय आपोआप मागे पडला.

दुसरा, मागे दोन स्वस्त साधे टायर घालायचे. २५० डॉलरच्या आसपास काम झालं असतं. पण करारात ‘मूळ प्रकाराचे’ असं स्पष्ट होतं. नवेकोरे असले तरी ते विजोड ठरले असते आणि दंड तसाच लागला असता. खड्ड्यानंतर घातलेल्या टायरने हा धडा आधीच दिला होता.

तिसऱ्या पर्यायावर आमची बरीच चर्चा झाली. वापरलेले रन-फ्लॅट. लीज परत करणाऱ्यांसाठी असे टायर विकणारा एक बाजारच आहे. भावाला एका जाहिरातीत मागच्या मापाची जोडी १६० डॉलरला मिळत होती, खोली ६/३२. तो म्हणाला, “अगं, परत द्यायचीय गाडी. पुढे ज्याची होईल तो बघेल.”

मी त्याला टायरच्या कडेवरचा डीओटी क्रमांक मागायला सांगितला. शेवटचे चार आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. विकणाऱ्याने फोटो पाठवला. टायर सहा वर्षं जुने होते. पण वयाहून मोठी शंका वेगळी होती. रन-फ्लॅट एकदा हवेशिवाय चालला की त्याच्या भिंतीच्या आतली रचना दुखावलेली असू शकते आणि ती बाहेरून दिसत नाही. म्हणूनच हवेशिवाय चाललेला रन-फ्लॅट बऱ्याच कंपन्या दुरुस्तही करू देत नाहीत. अनोळखी माणसाच्या टायरचा हा इतिहास कळायला मार्ग नाही. ‘पुढे ज्याची होईल तो’ म्हणजे कोण? तीन वर्षं वापरलेली गाडी बहुतेकदा एखादं कुटुंबच विकत घेतं, आपल्यासारखंच, मुलांना मागच्या सीटवर बसवणारं. मी हे बोलल्यावर भाऊ गप्प झाला. त्याने ती जाहिरात सोडून दिली, आणि मला वाटतं की दंडाच्या भीतीपेक्षा या विचाराने सोडली.

गाडी विकत घेऊन टाकायचाही विचार झाला. करारात शेवटची किंमत २७,६०० ठरली होती, आणि दोन डीलरांनी तीच गाडी २६,१०० ला घेऊ असं सांगितलं. बाजारापेक्षा १,५०० डॉलर जास्त देऊन तीन टायरचा दंड वाचवण्यात अर्थ नव्हता. डीलरकडच्या विक्रेत्याने अजून एक वाट दाखवली: पुढची गाडीही आमच्याकडून लीजवर घ्या, टायरचं आम्ही बघून घेऊ. भावाने हे ईमेलवर लिहून मागितलं. उत्तर आलं नाही. तसंही त्यांना पुन्हा लीज नको होतं.

उरला नवे रन-फ्लॅट घालायचा पर्याय. त्यातही प्रश्न होते. मूळच्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे हवेत का? मागे मूळ मॉडेलचा एक टायर २७८ डॉलरचा, तर दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीचा त्याच मापाचा रन-फ्लॅट २१२ चा. करारातला शब्द होता ‘समतुल्य दर्जाचा’. हा शब्द दोन्ही बाजूंना ओढता येतो.

काय केलं

पहिल्यांदा करार वाचला. मी सांगते म्हणून भावाने स्वयंपाकघरातल्या कपाटातून ‘गाडी’ अशी फाइल काढली आणि आम्ही जेवणाच्या टेबलावर पानन्‌पान वाचलं. त्यात एक कागद निघाला. सही करण्याच्या दिवशी त्यांनी ८९५ डॉलर देऊन टायर आणि रिमचं संरक्षण घेतलं होतं! खड्डा, खिळा, काच, अशा रस्त्यावरच्या कारणाने टायर खराब झाला तर नवा, मूळ प्रकाराचा टायर फुकट. फेब्रुवारीतला फाटलेला टायर त्यात नक्की बसत होता. त्यासाठी दुरुस्तीच्या आधी फोन करायचा होता. भावाने तरी फोन लावला. १९ महिन्यांनी, जुना टायर फेकून दिल्यावर काही मिळणार नव्हतं आणि मिळालं नाही. नुसत्या झिजेला ते संरक्षण लागूच नव्हतं. वहिनी तो कागद हातात धरून बराच वेळ बसली होती.

मग ‘समतुल्य’ या शब्दाचा अर्थ विचारला. फोनवर विचारलं तर एकाने ‘चालेल’ म्हटलं, दुसऱ्याने ‘मूळच हवा’. म्हणून मी ईमेल लिहून दिली, चार ओळींची: टायरचं माप, भार-निर्देशांक, वेग-श्रेणी, रन-फ्लॅट असल्याची खूण, कंपनी वेगळी चालेल का? पाच दिवसांनी लेखी उत्तर आलं. माप तेच, रन-फ्लॅट असावा, भार-निर्देशांक आणि वेग-श्रेणी मूळच्यापेक्षा कमी नको, आणि एका आसावरचे, म्हणजे पुढचे दोन किंवा मागचे दोन, टायर एकाच कंपनीचे व मॉडेलचे हवेत. कंपनी कोणती यावर बंधन नाही. या एका उत्तराने मागच्या जोडीत १३२ डॉलर वाचले.

मागचे मूळ टायर ९५ व्ही होते. ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलोपर्यंत भार, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरची श्रेणी. पुढचे ९१ व्ही. खड्ड्यानंतर बसवलेला साधा टायर एच श्रेणीचा होता, २१० ची. म्हणजे तो रन-फ्लॅट असता तरी नापासच झाला असता. दुकानदाराने तेव्हा हे सांगितलं नव्हतं, भावाने विचारलंही नव्हतं. स्वस्त जोडी निवडताना मी अमेरिकी टायरवर छापलेली ओल्या रस्त्यावरची पकडश्रेणी पाहिली. एए, ए, बी, सी अशी ती असते. मूळ टायर ए होता, नवाही ए होता. बी असता तर मी नको म्हटलं असतं.

मागे दोन नवे हे ठरलं. पुढे मात्र माझं आणि भावाचं एकमत झालं नाही. डावा मूळ टायर ५/३२ वर होता आणि उजवा बदलायचाच होता. ईमेलप्रमाणे उजवा त्याच मॉडेलचा घ्यायला हवा, म्हणजे २४४ डॉलरचा. किंवा मग दोन्ही पुढचे दुसऱ्या कंपनीचे, १८५ प्रमाणे ३७० चे, शिवाय एका चाकाची जादा मजुरी. एकच घेतला तर एका आसावर एक टायर १०/३२ आणि दुसरा ५/३२. त्रिज्येत चार मिलिमीटरचा फरक. गाडी मागच्या चाकांवर चालणारी होती म्हणून यंत्राला धोका नव्हता; चारही चाकं ओढणारी असती तर मी हे होऊ दिलं नसतं. माझं मत दोन घ्यावेत असं होतं. भावाने हिशेब मांडला: डावा टायर २६,९०० मैलांत ५/३२ झिजला, म्हणजे साधारण ५,४०० मैलांना १/३२. उरलेल्या १,४०० मैलांत तो ४/३२ च्या खाली जाणार नाही. हिशेब बरोबर होता, आणि गाडीही त्याची होती. एकच घेतला.

अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावी का? नवे टायर १,४०० मैलांत आतून झिजून नापास होणं शक्य नव्हतं. दीडशे डॉलर त्यावर घालवले नाहीत.

टायर ऑनलाइन मागवून बसवायला दुकान शोधलं. रन-फ्लॅटची भिंत ताठ असल्याने तो रिमवर चढवायला चांगलं यंत्र आणि सवयीचा हात लागतो, नाहीतर रिमला ओरखडा पडतो आणि मग रिमचा दंड. दोन दुकानांनी नाही म्हटलं. तिसऱ्याने प्रत्येकी ३५ डॉलरला हो म्हटलं, जुने टायर टाकून देण्यासकट. मी सोबत गेले. गाडी आत जाण्याआधी चारही रिमचे फोटो काढले. टायर चढल्यावर ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेरच आहे हे पाहिलं. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरून घेतली आणि गाडीच्या पडद्यावर दाबाची यंत्रणा रीसेट केली. प्रत्येक टायरच्या कडेचा, डीओटी क्रमांकाचा आणि खाचेत गेज धरलेला फोटो काढला. पावतीवर टायरचं पूर्ण नाव, माप आणि त्या दिवसाचे मैल लिहून घेतले.

खर्च असा आला: टायरचे ६६८, मजुरीचे १०५, त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर ५१ डॉलर २१ सेंट, आणि राज्याची टायरमागे दीड डॉलरची फी ४ डॉलर ५० सेंट. एकूण ८२८ डॉलर ७१ सेंट.

हे सगळं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झालं. भावाचा विचार नोव्हेंबरच्या मध्यावर बसवायचा होता, म्हणजे नवे टायर ‘फुकट झिजणार नाहीत’. झिजले असते तर किती? १,४०० मैलांत पाव बत्तिसांश इंच. त्यासाठी पावसाचे सहा आठवडे जुन्या टायरवर काढायचे? वहिनीने हा वाद सुरूच होऊ दिला नाही.

निष्पत्ती

टायर बसवल्यावर दुसरी तपासणी मागितली आणि ती मिळाली. चारही टायर मान्य झाले. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गाडी डीलरकडे परत दिली. मैलांच्या नोंदीवर दोघांच्या सह्या घेतल्या, गाडी उभी केली त्या जागी पुन्हा फोटो काढले.

चार आठवड्यांनी बिल आलं. गाडी परत देण्याची ठरलेली फी ३९५ डॉलर, ती करारातच होती. आणि खाली आणखी एक ओळ: पुढचा उजवा टायर, रन-फ्लॅट नाही, ३६५ डॉलर.

भाऊ हादरला. झालं होतं ते असं की दुसरा अहवाल पहिल्याच्या जागी न जाता वेगळ्या क्रमांकाने नोंदला गेला होता, आणि बिल बनवणाऱ्याने त्यातली मागच्या टायरची दुरुस्ती घेतली, पुढची राहून गेली. वाद घालायला कारण नव्हतं, पुरावा पाठवायचा होता. पावती, कडेवरच्या रन-फ्लॅटच्या खुणेचा फोटो, दुसऱ्या अहवालाचा क्रमांक आणि ती जुनी ईमेल, असं सगळं एका पत्रात जोडून पाठवलं. १६ दिवसांनी ती ओळ काढून टाकल्याचं सुधारित बिल आलं.

१,०९५ च्या जागी ८२९ डॉलर, म्हणजे २६६ वाचले. आकडा मोठा नाही. पण ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमधल्या प्रत्येक पावसाळी रविवारी वहिनी मुलांना मराठी शाळेत नेत होती ती नव्या टायरवर. या प्रकरणात मी फायदा मोजते तो हा. एक टायर मात्र मला शेवटपर्यंत खटकत राहिला: ब्रेक जोरात लावला की गाडी किंचित डावीकडे ओढते असं वहिनी म्हणायची. पुढचा जुना टायर डावीकडे होता. ओढ त्यामुळेच होती की खड्ड्यामुळे काही हललं होतं, हे अलाइनमेंट तपासून घेतली असती तर कळलं असतं.

आज वेगळं काय केलं असतं

मी पुढचे दोन्ही टायर बदलायचा आग्रह सोडला नसता, आणि नवी अलाइनमेंट केली नसती तरी निदान मोजून घेतली असती. खड्ड्यात इतकं जोरात आदळल्यावर ती तेव्हाच करायला हवी होती.

खरी चूक फेब्रुवारीतली आहे. त्या दिवशी फाइल उघडली असती तर दोन दिवसांत रन-फ्लॅट फुकट बसला असता आणि या सगळ्यातून एक टायर आधीच वजा झाला असता. दोन दिवस गाडीशिवाय काढणं कठीण होतं हे मला मान्य आहे. ऑफिस, शाळा, थंडी, आणि अमेरिकेच्या उपनगरात गाडीशिवाय दूध आणायलाही जाता येत नाही. पण साधा टायर तात्पुरता म्हणून बसवला असता आणि त्याआधी एक फोन केला असता, तरी काम झालं असतं. साधा टायर ‘तात्पुरता’ आहे असं कोणी ठरवलं नाही, म्हणून तो कायमचा झाला.

दुसरी गोष्ट मोजण्याची. वीस हजार मैलांच्या सुमारास आतली खाच पाहिली असती तर बहुधा ती ५/३२ च्या आसपास सापडली असती. दर महिन्याला हवा नीट ठेवून उरलेली झीज थोडी कमी करता आली असती. मागचे टायर मग शेवटपर्यंत ४/३२ च्या वर राहिले असते का? छातीठोकपणे हो म्हणवत नाही, कारण चाकाचा झुकाव मूळ रचनेतलाच आहे. चाकं डावी-उजवी बदलूनही फरक पडला नसता. रिम तशीच बसते, आतली कड आतच राहते. पण सप्टेंबरात धक्का बसला नसता, आणि टायर स्वस्तात मिळायची वाट पाहायला वर्षभर मिळालं असतं.

माझ्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याने याच प्रकारच्या गाडीचे रन-फ्लॅट पहिल्याच महिन्यात काढून गॅरेजमध्ये रचून ठेवले, कारण खडबडीत रस्त्यावर ते कडक लागतात. त्याने साधे टायर वापरले, डिकीत हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं सामान ठेवलं आणि परत देताना मूळचे पुन्हा चढवले. गाडी त्याच्या एकट्याच्या वापरात होती आणि रस्त्याकडेला पंक्चर काढायची त्याला भीती नाही. माझ्या भावाच्या घरासाठी मी हे सुचवलं नसतं. रात्री मुलं घेऊन एकट्या येणाऱ्या वहिनीला पंप आणि पंक्चरच्या सामानापेक्षा रन-फ्लॅटचे ते ८० किलोमीटर जास्त उपयोगाचे आहेत.

डिसेंबरात त्यांनी चार वर्षं वापरलेली एक जपानी गाडी विकत घेतली. चारही टायर एका मापाचे, आणि डिकीच्या तळाशी छोटी स्टेपनी. माझं गेज वहिनीने परत दिलं नाही, आणि हवा मोजायचं एक नवं आणलं. पहिल्या शनिवारी तिने चारही चाकं आतून-बाहेरून मोजली आणि मग स्टेपनी वर काढायला लावली. तिच्या कडेवर ६० पीएसआय छापलं होतं. आत होती २१.

ती त्याच दुपारी भरून आणली.